प्युरिटन न्यू इंग्लंडची दप्तरं कशी वाचावीत

मॅसॅच्युसेट्स ही अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या न्यू इंग्लंडमधली इंग्लिश वसाहत, आणि ती वसवणारे प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या चर्चची शुद्धी हवी असलेले प्रोटेस्टंट. तिथल्या सतराव्या शतकातल्या एखाद्या गावाचा जुना कागद समोर आला, की आधी एकच गोष्ट ठरवायची असते : हा कागद कोणाचा? चर्चचा, गावाचा, की वसाहतीच्या सरकारचा? 'तिथे पाळकांचं राज्य होतं', 'चर्चने चेटकिणी जाळल्या' अशी जी ठोकळ विधानं वाचायला मिळतात, त्यातली बरीचशी हा प्रश्न न विचारल्यामुळे जन्माला आलेली आहेत. म्हणून हा लेख वाचनाच्या क्रमाने लिहिला आहे : आधी वही ओळखायची, मग तारीख, मग अक्षर, मग माणूस, आणि अर्थ त्यानंतर.

उदाहरणासाठी बोस्टनच्या नैर्ऋत्येचं डेडहॅम हे गाव घेऊ. त्याच्या चर्चची आणि गावाची दप्तरं लवकरच्या काळापासून टिकली आहेत. गावाचे क्लार्क डॉन ग्लीसन हिल यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापून काढली. नवख्याला हस्तलिखितात न शिरता सुरुवात करता येते.

वही ओळखा

डेडहॅम १६३६ मध्ये वसलं. वसणाऱ्यांना गावाचं नाव 'कंटेंटमेंट' ठेवायचं होतं. वसाहतीच्या जनरल कोर्टाने 'डेडहॅम' असं ठेवलं. (हे कोर्ट म्हणजे नुसतं न्यायालय नव्हे, कायदे, जमिनी, कर, खटले सगळं तिथेच चाले.) गावकऱ्यांनी आपसात पाच कलमांचा करार केला आणि त्यावर सह्या केल्या. हा गावाचा करार. चर्च त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १६३८ मध्ये स्थापन झालं, आणि त्याचा करार वेगळा. गावाच्या करारावर सही करणारा चर्चचा सभासद असेलच असं नाही. पुष्कळ जण नव्हते.

वसाहतीच्या पातळीवर तिसरी यादी होती : फ्रीमन. १६३१ मध्ये जनरल कोर्टाने ठरवलं, की वसाहतीच्या कारभारात मतदान करणारा फ्रीमन चर्चचा सभासद असलाच पाहिजे. उलट बाजू मात्र खरी नाही. स्त्रिया सभासद असत, फ्रीमन नसत. पुरुष सभासदांपैकीही अनेकांनी फ्रीमनची शपथ घेतलीच नाही. १६६४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या दबावाने अट सैल झाली आणि १६९१ च्या नव्या सनदेत मताधिकार मालमत्तेवर आला.

प्रार्थनेच्या सभेला हजर राहणं सर्वांना सक्तीचं होतं, आणि पाळकाच्या पगारासाठी सभासद नसलेल्यांकडूनही कर घेतला जाई. म्हणून कराच्या यादीत नाव सापडलं की 'हा चर्चचा माणूस' अशी नोंद करू नका. मीटिंगहाऊसमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या सभेच्या इमारतीत, त्याला नेमून दिलेला बाक सापडला, तरीही नको. बाक गाव वाटून देई, आणि तो वय, मान, मालमत्ता बघून मिळे.

शिक्षेच्या नोंदीतही हीच फोड करा. चर्च फक्त ताकीद देऊ शकत होतं किंवा मंडळीबाहेर, म्हणजे सभासदांच्या समुदायाबाहेर, काढू शकत होतं. दंड, फटके, हद्दपारी, फाशी हे सगळं सरकारचं काम. १६४१ च्या कायदेसंग्रहात स्पष्ट कलम आहे, की चर्चने ठपका ठेवला म्हणून कोणाचं सरकारी पद जाणार नाही. सेलमचं १६९२ चं चेटकिणींच्या खटल्यांचं प्रकरण या दृष्टीने वाचलं की उलगडतं. चेटुकाचा आरोप झालेल्या रिबेका नर्स हिला शिक्षा सुनावली ती गव्हर्नरने नेमलेल्या खास न्यायालयाने. सेलमच्या चर्चने तिला ३ जुलैला मंडळीबाहेर काढलं आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. पुढे सरकारने १७११ मध्ये अनेक दोषींवरचा कलंक कायद्याने पुसला, आणि चर्चने तिची बहिष्कृती १७१२ मध्ये स्वतंत्रपणे रद्द केली. एकाच बाईच्या या नोंदी दोन वेगळ्या संस्थांच्या आहेत. त्या प्रकरणात १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी हा एक जण अंगावर दगड ठेवून दडपून मारला गेला, काही तुरुंगात मेले. जाळलं कोणालाच नाही, कारण इंग्लिश कायद्यात चेटुकाला फाशीची शिक्षा होती.

तारीख : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

१७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहती आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरऐवजी जुनं ज्यूलियन कॅलेंडर वापरत, आणि कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. शिवाय प्युरिटनांना महिन्यांची आणि वारांची रोमन देवतांवरून आलेली नावं नकोशी वाटत, म्हणून ते आकडे लिहीत. पहिला महिना मार्च, पहिला वार रविवार.

रीत अशी. महिन्याच्या आकड्यात दोन मिळवा. ८.९.१६३८ म्हणजे नववा महिना, म्हणजे नोव्हेंबर : ८ नोव्हेंबर १६३८. डेडहॅमचं चर्च याच दिवशी स्थापन झालं. अकरावा महिना जानेवारी आणि बारावा फेब्रुवारी. या दोन महिन्यांत आपल्या हिशेबाने वर्ष एकाने वाढतं, म्हणजे ८.११.१६३८ हा आपला ८ जानेवारी १६३९. मार्चचे पहिले २४ दिवस सगळ्यात निसरडे. महिना 'पहिला' लिहिलेला असतो, पण वर्ष अजून जुनंच चालू असतं. अशा तारखेला टिपणात दुहेरी वर्ष लिहा : १६३७/३८.

हे न केल्यास काय होतं ते पाळकांच्या शिकवणीवर टीका करणाऱ्या बोस्टनच्या ॲन हचिन्सनच्या प्रकरणात दिसतं. जनरल कोर्टाने तिच्यावर खटला चालवला नोव्हेंबर १६३७ मध्ये आणि हद्दपारीची शिक्षा दिली. बोस्टनच्या चर्चने तिला मंडळीबाहेर काढलं २२ मार्च रोजी, जुन्या मोजणीने १६३७ मध्येच. वर्ष न सुधारता दोन्ही टिपलं तर चर्चची कारवाई खटल्याच्या आठ महिने आधीची ठरते आणि कारण-परिणामाची साखळीच उलटी होते. खरा क्रम असा : आधी सरकार, चार महिन्यांनी चर्च.

दिवस मात्र बदलू नका. सतराव्या शतकात दोन कॅलेंडरांत १० दिवसांचं अंतर होतं, पण ते मिळवायची गरज फक्त शेजारच्या डच किंवा फ्रेंच कागदांशी ताळा घालताना पडते. घाईने १० दिवस मिळवलेल्या तारखा पुढच्या लेखकांना छळतात.

पडताळणीसाठी वार काढा, पण ज्यूलियन पद्धतीनेच. ८ नोव्हेंबर १६३८ ला ज्यूलियन हिशेबाने गुरुवार येतो. आजच्या कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच तारीख घातली तर सोमवार दिसेल. 'नववा महिना' म्हणजे सप्टेंबर असं धरलं असतं, तर शनिवार आला असता. २२ मार्च १६३८ सुद्धा गुरुवार, आणि बोस्टनमध्ये आठवड्यातलं प्रवचन गुरुवारी असे. बाप्तिस्म्याची तारीख रविवारी पडत नसेल, तर वाचनात चूक नाही ना हे पुन्हा बघा. शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा पवित्र दिवस, शनिवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन रविवारच्या सूर्यास्ताला संपे, त्यामुळे शनिवारी रात्री काम केलं म्हणून झालेला दंड वाचून गोंधळू नका.

तारखेचा आणखी एक सापळा नाण्यांवर आहे. बोस्टनच्या टांकसाळीत जॉन हल यांनी पाडलेल्या पाइन झाडाच्या शिलिंगांवर १६५२ हेच वर्ष असतं, पण ती नाणी १६८२ पर्यंत पाडली जात होती.

अक्षर

छापील प्रत आधी, हस्तलिखित नंतर. दहा-बारा पानं छापील मजकुराशी ताडून वाचली की हात बसतो. त्या काळचं 'सेक्रेटरी' वळण आजच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा बरंच वेगळं आहे : ई उलटी दिसते, सी आरसारखी दिसते, एचची शेपटी ओळीखाली उतरते. यू-व्ही आणि आय-जे या जोड्या एकमेकांच्या जागी येतात. लांब एस एफसारखा दिसतो. त्याची आडवी रेघ एफइतकी आरपार जात नाही, हीच खूण. वायसारखं दिसणारं एक जुनं अक्षर 'थ'च्या उच्चाराचं आहे, म्हणून 'ये' दिसलं तरी वाचायचं 'द'. रोमन आकड्यात शेवटचा आय जेसारखा लांबवतात, तो एकच धरायचा.

उतरवताना मूळ स्पेलिंग जसंच्या तसं ठेवा. एकाच कारकुनाने एकाच पानावर एका माणसाचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. ते आधीच 'दुरुस्त' केलंत, तर पुढे दोन वेगळी माणसं एक होतात, किंवा एकाची दोन होतात.

माणूस कोण

'मिस्टर' ही उपाधी तेव्हा सरसकट नव्हती. ती पाळक, अधिकारी, प्रतिष्ठित यांनाच लागे. सामान्य घरमालक 'गुडमन', त्याची बायको 'गुडवाइफ', बोलताना 'गुडी'. उपाधी ही मालमत्ताच होती, आणि ती काढूनही घेता येई. सप्टेंबर १६३१ मध्ये जोसायस प्लेस्टो याने तिथल्या मूळ रहिवाशांचं चार टोपल्या मकं चोरलं. वसाहतीच्या कोर्टाने त्याला आठ टोपल्या परत करायला लावल्या, ५ पौंड दंड केला, आणि यापुढे त्याला पूर्वीसारखं 'मिस्टर' न म्हणता नुसतं 'जोसायस' म्हणावं असा हुकूम दिला. त्या समाजात मानाचं वजन किती होतं, ते या एका ओळीत कळतं.

नात्यांचे शब्द जपून घ्या. चर्चच्या वहीतले 'ब्रदर' आणि 'सिस्टर' म्हणजे सभासद, सख्खे भाऊबहीण नव्हेत. 'सन' जावईही असू शकतो, 'मदर' सासूही, आणि 'कझिन' पुतण्या किंवा भाचीही. मृत्युपत्रावरून वंशावळ बांधताना एका कागदावर कधीच थांबू नये, ते याचसाठी.

जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी १६३९ पासून सरकारी क्लार्ककडे ठेवायच्या होत्या. चर्चच्या वहीत लग्न शोधत बसू नका. प्युरिटनांच्या मते लग्न हा दिवाणी करार होता. ते मॅजिस्ट्रेट लावी, पाळक नव्हे, आणि ही पद्धत १६८६ पर्यंत टिकली. चर्चच्या वहीत मिळतात त्या सभासद झाल्याच्या, बाप्तिस्म्याच्या आणि शिस्तीच्या नोंदी. नाताळही शोधू नका : १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता, आणि २५ डिसेंबर हा कामाचा दिवस होता. त्याऐवजी उपासाचे आणि उपकारस्तुतीचे जाहीर दिवस टिपून ठेवा. दुष्काळ, साथ, लढाई, भांडण काही घडलं की ते जाहीर होत. त्यांची नुसती यादी केली तरी गावावर काय काय गुदरलं ते दिसू लागतं.

सभासदत्व म्हणजे नेमकं काय

या साऱ्या समाजाचं मर्म इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

डेडहॅमला आलेले लोक इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून आले होते आणि एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. म्हणून चर्च स्थापण्याआधी त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी दर आठवड्याला बैठका घेतल्या. आधी गावातल्या सलोख्याचे प्रश्न, मग मंडळी म्हणजे काय याचे. त्यानंतर मोजक्या माणसांनी एकमेकांच्या अंतःकरणाची परीक्षा घेतली. कोणी गर्विष्ठ वाटला, कोणाच्या वागण्यावर शंका आली, तर त्याला थांबवलं. अखेर आठ जण उरले आणि त्यांनी करार केला. शेजारच्या चर्चांना आणि मॅजिस्ट्रेटांना आधी कळवावं लागे. त्यांच्या संमतीशिवाय स्थापन झालेल्या चर्चच्या सभासदाला फ्रीमन होता येत नसे. जॉन ॲलिन पाळक झाले, जॉन हंटिंग 'वडील', म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे एल्डर. हे सगळं ॲलिन यांनी स्वतः वहीत लिहून ठेवलं आहे. चर्चच्या जन्माची इतकी तपशीलवार हकिगत दुसरीकडे क्वचितच मिळते.

नंतर येणाऱ्याची वाट ठरलेली होती. आधी वडिलांशी खाजगीत बोलणं. मग मंडळीत नाव जाहीर, म्हणजे कोणाची तक्रार असेल तर ती पुढे यावी. मग सर्वांसमोर आपल्या आत्म्यावर देवाच्या कृपेने काय घडलं ते सांगणं. बायकांचं निवेदन पुष्कळदा पाळक किंवा वडील वाचून दाखवत. त्यानंतर प्रश्न, पुरुष सभासदांचं मत, आणि कराराचा स्वीकार.

अशी सुमारे ५० निवेदनं केंब्रिजचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी आपल्या वहीत लिहून ठेवली. ती वाचताना ठाम श्रद्धेची अपेक्षा ठेवू नका. त्यांत ज्ञान होतं, पण आशा नव्हती. आशा आली, मग पुन्हा संशय आला. एखादं वचन ऐकून धीर आला, तोही गेला, असंच वळणावळणाने चालतं. संशय हा तिथे दोष नाही, उलट खरेपणाची खूण आहे. ज्याला आपल्या तारणाची पक्की खात्री वाटे, त्याच्याकडे मंडळी साशंक नजरेने बघे. म्हणून प्रत्येक निवेदनात तीन गोष्टींना खूण करा : कुठलं वचन, कोणाचं प्रवचन, आणि कुठल्या क्षणी मन पालटलं. वचन लगेच बायबलमध्ये उघडून बघा. बोलणाराने त्यातला अर्धाच भाग सांगितलेला असतो, आणि उरलेला अर्धा ऐकणाऱ्यांना पाठ असतो.

पुढची पिढी अडली ती इथेच. बाप्तिस्मा सभासदाच्याच मुलाला मिळे. लहानपणी बाप्तिस्मा झालेले, पण स्वतः असा अनुभव सांगू न शकलेले तरुण आता आईबाप झाले होते, आणि त्यांच्या मुलांचं काय हा प्रश्न उभा राहिला. १६६२ च्या परिषदेने तोड काढली : चांगल्या वागणुकीच्या अशा माणसांनी मंडळीसमोर करार मान्य करावा, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळेल, प्रभुभोजन आणि मत मात्र मिळणार नाही. याला 'हाफ-वे कव्हेनंट' म्हणतात. वहीत 'करार मान्य केला' आणि 'पूर्ण सहभागितेत घेतलं' या दोन वेगळ्या नोंदी दिसतील. टिपणात त्यांना दोन वेगळे रकाने द्या. दोन्हींची बेरीज करून सभासदसंख्या काढणं ही नेहमीची चूक आहे. परिषदेचा ठराव प्रत्येक चर्चने पाळलाच असंही धरू नका. प्रत्येक मंडळी स्वतंत्र होती. ॲलिन यांनी या तोडग्याच्या बाजूने लिहिलं, तरी त्यांच्याच डेडहॅमच्या सभासदांनी तो बराच काळ मानला नाही. त्यामुळे तिथल्या वहीत बाप्तिस्मे कमी झालेले दिसले, तर मुलं जन्मत नव्हती असा निष्कर्ष काढू नका.

जमीन

डेडहॅममध्ये घरासाठी लग्न झालेल्या पुरुषाला १२ एकर आणि अविवाहिताला ८ एकर असा नियम ठरला. मोजमाप रॉडमध्ये असे. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि १६० चौरस रॉडचा एकर. मराठी वाचकाला हे सोपं आहे : आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन रॉड. चार चौरस रॉडचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. सीमा 'अमक्याची जमीन उत्तरेला, दलदल पूर्वेला' अशा सांगितलेल्या असतात. नकाशा काढायचा असेल तर शेजाऱ्यांच्या नोंदी जोडत जा, एकटा तुकडा कधीच बसत नाही. मीटिंगहाऊस लहानच असे. डेडहॅमचं पहिलं ३६ फूट लांब आणि २० फूट रुंद होतं. त्या शतकातलं आजही उभं असलेलं एकमेव प्युरिटन मीटिंगहाऊस बघायचं असेल, तर हिंगहॅमचं १६८१ चं 'ओल्ड शिप' बघा. डेडहॅममध्ये फेअरबँक्स घर आहे, त्याची लाकडं १६३७ ते १६४१ च्या सुमाराची.

या जमिनीवर आधी कोण राहत होतं ते गावाच्या वहीत फार थोडं मिळतं, म्हणून ते मुद्दाम शोधावं लागतं. १६१६ ते १६१९ च्या साथीने किनाऱ्यावरची मूळ वस्ती प्रचंड प्रमाणात मेली होती. पाळक जॉन एलियट यांनी १६५१ मध्ये नॅटिक हे ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचं गाव वसवलं, आणि त्यांचं मॅसॅच्युसेट भाषेतलं संपूर्ण बायबल १६६३ मध्ये केंब्रिजला छापलं गेलं. नॅटिकची जमीन आपली असल्याचा दावा डेडहॅमने लावला. तंटा वर्षानुवर्षं चालला. अखेर जनरल कोर्टाने जमीन नॅटिककडे ठेवली आणि डेडहॅमला भरपाई म्हणून पश्चिमेला ८,००० एकर दिले. तिथे पुढे डिअरफील्ड वसलं, आणि ती जमीनही पोकमटक लोकांची होती. १६७५ मध्ये मूळ रहिवासी आणि वसाहतवाले यांच्यातलं मेटाकॉमचं युद्ध पेटलं तेव्हा नॅटिकच्या या ख्रिस्ती लोकांनाच बोस्टनच्या बंदरातल्या डिअर बेटावर नेऊन कोंडलं. या घटनांसाठी चर्चची वही पुरत नाही. जनरल कोर्टाची दप्तरं आणि एलियट यांची पत्रं शेजारी ठेवूनच वाचावं लागतं.

कागद कुठे मिळतात

मॅसॅच्युसेट्स बेच्या जनरल कोर्टाच्या वह्या नॅथॅनिएल शर्टलेफ यांनी १८५३-५४ मध्ये छापल्या. इंटरनेटवर त्या सहज मिळतात. चर्चच्या वह्यांसाठी बोस्टनच्या काँग्रिगेशनल ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आधी बघा. मूळ वही शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : एकोणिसाव्या शतकात अनेक जुन्या मंडळ्या फुटल्या. डेडहॅममध्ये बहुसंख्य सभासद एका बाजूला आणि पॅरिश, म्हणजे कर भरणारे सगळे गावकरी, दुसऱ्या बाजूला असा वाद झाला. १८२० च्या 'बेकर विरुद्ध फेल्स' खटल्यात न्यायालयाने मालमत्ता पॅरिशच्या बाजूने दिली. आज तिथे युनिटेरियन (देवाचं त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचं) आणि काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या जुन्या परंपरेचं) अशी दोन चर्चं आहेत आणि दोन्ही आपलं मूळ १६३८ मध्येच सांगतात. अशा गावात दोन्हींकडे चौकशी करा.

हीच काँग्रिगेशनल परंपरा पुढे मुंबई-अहमदनगरला आली. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये आपल्या पहिल्या मिशनऱ्यांना दीक्षा दिली. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोचले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. मराठी मंडळ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने डेडहॅमच्या आठ जणांची हकिगत आधी वाचून मग ही पत्रं उघडावीत. सभासद घेताना काय विचारलं जाई, कोणाला थांबवलं जाई, हे पत्रांमधून कुठे शोधायचं ते मग कळतं.